जर्मनीतील इंटर्नशिप : सक्तीची आणि ऐच्छिक

वर्षाला १२० दिवसच काम करता येते या मर्यादेमुळे जर्मनीत शिकताना सहा महिन्यांची इंटर्नशिप करताच येत नाही, या मताला थोडी दुरुस्ती सुचवतो. युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांसाठी ही मर्यादा मार्च २०२४ पासून १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस अशी झाली आहे आणि मुख्य म्हणजे, अभ्यासक्रमानेच सक्तीची केलेली इंटर्नशिप तीत धरली जात नाही. मात्र या सक्तीच्या इंटर्नशिपला किमान वेतनाचा कायदा लागू नसल्याने कंपनी अगदी तुटपुंजे मानधन देऊ शकते, तर तीन महिन्यांहून अधिक काळाच्या ऐच्छिक इंटर्नशिपला पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावे लागते. अनेक जाहिरातींत इंटर्नशिप सक्तीची असल्याचे प्रमाणपत्र मागतात, ते उगीच नव्हे! माझी निवड होऊनही हे प्रमाणपत्र हाती नसल्याने करार तीन आठवडे रखडला; ते परीक्षा विभागाकडे आधीच मागायला हवे होते, ही चूक माझीच. मानधन बहुतेक घरभाड्यातच गेले. कामाची भाषा इंग्रजी असली तरी जेवणाच्या सुट्टीतली जर्मनच होती आणि प्रकल्पात खरोखर काय चालले आहे, हे बहुधा तिथेच कळत असे.