विद्यापीठातल्या परंपरा खरंच माणसं जोडतात का?

धागाकर्ती:
पहिल्याच आठवड्यात वसतिगृहातल्या सीनियर मुलींनी आम्हा नव्या मुलींना रात्री अख्खा कॅम्पस पायी फिरवला. दर वर्षी फिरवतात. कुठल्या पायरीवर बसून कोण रडलं होतं, कुठल्या झाडाखाली कोणाची कायमची मैत्री जमली, असं सगळं सांगत. त्या दिवशी सकाळीच मी घरी परत जायचं ठरवलं होतं. गेले नाही. प्रवेश मिळाला की हजेरीपटावर नाव येतं; आपण इथले आहोत हे मात्र कुणीतरी आपल्याला सांगावं लागतं. परंपरा ते काम करतात, असं माझं ठाम मत आहे. ऑक्सफर्डमध्ये परीक्षेला काळा झगा सक्तीचा असावा का, यावर २०१५ मध्ये विद्यार्थ्यांचंच मतदान झालं. चारातल्या तिघांनी झगा ठेवा म्हणून कौल दिला. वरून लादलेलं ओझं वाटत असतं, तर संधी मिळताच त्यांनी ते उतरवलं असतं.

प्रतिसाद १:
असहमत. तुम्हाला थांबवलं ते त्या मुलींच्या मायेनं. श्रेय परंपरेला का देता? आपलेपणा वाटतो म्हणून प्रथा चांगली, हे गणितच चुकतं. मानसशास्त्रज्ञ ॲरन्सन आणि मिल्स यांचा १९५९ चा प्रयोग पाहा. गटात शिरण्यासाठी ज्या विद्यार्थिनींना जास्त अवघडल्यासारखं व्हावं लागलं, त्यांनाच नंतरची रटाळ चर्चा जास्त आवडली. इतकं सोसलं म्हणजे गट चांगलाच असणार, अशी मन स्वतःची समजूत घालतं. रॅगिंग करणारेही हेच सांगतात: 'आम्हीही सोसलं, त्यानंच मैत्री झाली.'
आणि अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठातली होळी? पेटवण्यासाठी सुमारे ५,००० ओंडक्यांची रास विद्यार्थी स्वतः रचायचे. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे ती कोसळली. १२ जण गेले, २७ जखमी झाले. 'आपली परंपरा आहे' म्हटलं की धोका विचारायला कुणी धजत नाही.

धागाकर्ती:
ते १२ जण मीही विसरू शकत नाही. विद्यापीठानं ती होळी पुन्हा आपल्या आवारात होऊ दिली नाही, ते योग्यच झालं. पण त्याच विद्यापीठाची दुसरी प्रथा पाहा. दर २१ एप्रिलला आजी-माजी विद्यार्थी जमतात आणि वर्षभरात वारलेल्यांची हजेरी घेतात. नाव पुकारलं की त्या माणसाच्या वतीनं त्याचा मित्र किंवा घरचं कुणी 'हजर' म्हणतं. यात कुणाला काही सिद्ध करावं लागत नाही, कुणाचा अपमान होत नाही. आपण नसलो तर कुणाला तरी ते जाणवेल, ही खात्री मिळते. मला आपलेपणा म्हणजे हेच वाटतं.

प्रतिसाद २:
वसतिगृहात राहणाऱ्यांनाच ही खात्री मिळते. मी रोज दोन तास प्रवास करून यायचो, संध्याकाळी नोकरी. फोटोंमधून कळायचं की काल 'सगळे' जमले होते. त्या 'सगळे' शब्दानं जितकं परकं वाटलं, तितकं एरवी कशानंच वाटलं नसतं.
अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉल्टन आणि कोहेन यांनी २०११ मध्ये मांडलेला प्रयोग तासाभराचा होता. नव्या विद्यार्थ्यांना जुन्या विद्यार्थ्यांच्या अनुभवांतून एवढंच कळू दिलं, की आपण इथले नाही असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं आणि ते पुढे ओसरतं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण त्यानंतरची तीन वर्षं सुधारलेले दिसले. ना मिरवणूक, ना झगे.

प्रतिसाद ३:
पण तुमच्या प्रयोगातही जुन्यांनी नव्यांना धीरच दिला ना? सीनियर मुलींनी वेगळं काय केलं? प्रश्न सक्तीचा आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात 'नेशन' नावाची विद्यार्थी मंडळं सतराव्या शतकापासून आहेत. सदस्यत्वाची सक्ती २०१० मध्ये उठली, तरी मंडळं टिकली.

धागाकर्ती:
प्रतिसाद २, आमची फेरी रात्री दहाला निघायची. घरून येणाऱ्या मुली त्यात कधीच नव्हत्या, हे तुमचं वाचेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. वाईट वाटलं. तिथल्या आताच्या मुली ओळखीच्या आहेत. फेरी संध्याकाळी पाचला ठेवा, असं त्यांना आजच कळवते.

प्रतिसाद २:
पाचलाही मला जमलं नसतं, चारला कामावर हजर व्हावं लागायचं. दुपारच्या सुट्टीत ठेवायला सांगा.