अनुभव धागा: गवताखालची कातळशिल्पं

कोकणातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, गवताखाली हरवलेलं कातळशिल्प, म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेलं चित्र, कुणी शोधत गेलंय का? उक्षी, कशेळी, बारसू, कुडोपी इथली शिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. यादीबाहेरची कितीतरी चित्रं मात्र उघड्यावर आहेत. त्यांच्याबद्दल आवर्जून लिहा. बघायला कधी आणि कसं जावं, तेही सांगा.

राजापूर: दिवाळी उलटली होती, सड्यावरचं गवत पिवळं पडलेलं. वाडीतले एक आजोबा सोबत आले, जन्मभर गुरं राखलेले. एका जागी थांबून म्हणाले, "हयच." कोयतीने गवत कापलं, खराट्याने माती झाडली, तरी मला नुसता काळा जांभा दगडच दिसत होता. ते शांतपणे बसून राहिले. ऊन कलल्यावर खाचांमध्ये सावली भरली आणि आधी लांब शेपूट उमटली, मग दोन्हीकडे पसरलेलं अंग. पाकट मासा! तिथून समुद्र दिसतसुद्धा नाही. लोखंडाच्या आधीच्या माणसाने दगडानेच हे कोरलं असेल, या विचाराने मी किती वेळ तिथे उकिडवा बसून होतो.

मालवण: आमची आजी सांगायची, "पांडवांनी एका रातीत कोरल्यानी." म्हणून त्या कातळावर कुणी चपला घालून जात नसे. संशोधक यायच्या कितीतरी आधी आमची चित्रं या श्रद्धेनेच राखली, असं मला ठामपणे वाटतं.

मुंबई (गाव रत्नागिरीकडे): कशेळीचा हत्ती बघाच. अंदाजे 18 मीटर लांब, 13 मीटर रुंद. उभ्याने नजरेत मावतच नाही, कडेकडेने चालत सोंडेपर्यंत जावं लागतं. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. कोकणात एकशिंगी गेंडाही कोरलेला सापडलाय. आज इथे गेंडा कुठे आहे!

चिपळूण (माहेर नागपूर): आमच्याकडे जुनापाणीला महापाषाणकालीन दफनं आहेत, मोठ्या दगडांची वर्तुळं. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिथे 1879 साली उत्खनन केलं होतं. लहानपणी बाबांबरोबर गेले, तेव्हा काटेरी झुडपांतून वाट काढावी लागली. तिथे पुरलेल्या माणसांसाठी जीव हळहळला होता. कोकणातल्या सड्यावर कुणाचं थडगं नाही, तरी तीच हळहळ वाटली.

लांजा: आमच्या शेजारच्या सड्यावर चिरेखाण सुरू झाली आणि एक चित्र अर्धं कापलं गेलं. चिरे घरांना लागतात, मान्य. पण खाणीआधी गुराख्यांना विचारायला काय जातं?

राजापूर: वर विचारलंय म्हणून सांगतो. दुपारी जाऊ नका, डोक्यावरच्या उन्हात रेषा दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. फोटोसाठी खाचांत खडू, चुना भरू नका. आणि वाडीतलं कुणीतरी जाणतं माणूस सोबत घ्या.