छटा देणारी शाई: कोणता रंग घ्यावा?

प्रश्न (सांगली): मी रोजनिशी फाउंटन पेनने लिहितो. एकाच अक्षरात फिकट आणि गडद छटा उमटतील असा रंग हवा आहे. निब मध्यम आहे आणि निळ्या रंगाचा आता कंटाळा आला आहे.

कृष्णाकाठ: डायमाइन या शाई कंपनीची ‘एन्शंट कॉपर’ घ्यावी. रेघ ओढताना ती नारिंगी दिसते आणि जिथे हात थांबतो, विशेषतः काना संपतो तिथे, शाई साचून विटकरी होते. आपल्या हळदीसारखा पिवळा मोह पाडतो खरा, पण तो टाळावा. संध्याकाळी दिव्याखाली ते अक्षर वाचवत नाही.

सातारकर: रंगाआधी कागद पाहावा. साध्या वहीचा कागद शाई लगेच शोषतो, त्यामुळे उत्तम शाईही एकसारखी सपाट दिसते. तोमोए रिव्हरसारख्या, शाई चटकन न शोषणाऱ्या जपानी कागदावर ती वर थांबून सावकाश वाळते आणि छटा खुलते. टीपकागद मात्र लावू नये, कारण साचलेली शाईच तो उचलतो.

प्रश्नकर्ता: माझी चूक तीच होती, मी प्रत्येक पान टिपत होतो. आता विटकरीच घेतो.

कृष्णाकाठ: पेन फार ओले लिहीत असेल, म्हणजे जास्त शाई सोडत असेल, तर सगळेच गडद येईल, तेवढे आधी तपासावे.