मौत का कुआँ चालवणारा रस्त्यावरही उस्ताद असतो का?

दौलतगंजकर:
ग्वाल्हेरच्या मेळ्यातल्या मौत का कुआँमधून, म्हणजे फळ्यांच्या गोल विहिरीच्या उभ्या भिंतीवर गाडी फिरवण्याच्या खेळातून, बाहेर पडणारा दर दुसरा माणूस म्हणतो, ‘गाडी यांनाच येते, आपण नुसते हँडल धरून बसतो.’ मला नाही पटत. विहीर ५ मीटर त्रिज्येची धरा. ताशी २८-३० च्या खाली टायर फळ्यांवरून घसरायला लागतं आणि ४० ला अंगावर वजनाच्या अडीच पट दाब येतो. ते सोसायला छाती लागते, मान्य. पण त्या भिंतीवर समोरून म्हैस येत नाही, वाळू सांडलेली नसते, टेम्पोवाला अचानक दार उघडत नाही. रस्त्यावरचं कसब म्हणजे वेळेत थांबणं. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. डोळ्याला दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत तेवढं अंतर गेलंच. पुढे कोरड्या डांबरावर नीट ब्रेक लावला तरी आणखी २०. कुव्यात याचा सराव शून्य.

क्लचवायर:
थांबण्याचं ठीक, वळण्याचं काय? कुव्यात माणूस आधी तळाशी गोल फिरतो, मग तिरप्या फळ्यांवर, तिथे वेग आला की भिंतीवर. भिंतीवर रेस एकदम सोडली की खाली. म्हणून मनगट एकसारखं राहतं आणि नजर चाकावर नाही, पुढच्या गोलाईवर असते. आपल्याकडे वळणात पडणारे नेमकं उलटं करतात: घाबरून रेस सोडतात, वर पुढचा ब्रेक दाबतात. टायरची पकड वळण्यातच खर्च झालेली असते, ब्रेकला उरत नाही, पुढचं चाक निसटतं.

मुरारवाला:
दोघंही कुव्यातच अडकलात. पोरं बघतात ती स्टंटची रील, आणि रीलमधली गाडी शोरूमची नसते. मागचं स्प्रॉकेट (चेन फिरते ते दातेरी चक्र) मोठं, मागच्या टायरात हवा कमी, आयडलिंग वाढवलेलं, डाव्या हाताला मागच्या ब्रेकचा जादा लिव्हर, भोवती लोखंडी केज. ते बघून साध्या ड्यूक बाइकवर व्हीली मारायला, म्हणजे पुढचं चाक उचलून चालवायला, गेलेला पोरगा मागे उलटतो, कारण पाय मागच्या ब्रेकवर नसतो. वर गेलेलं चाक खाली आणायचं काम तोच ब्रेक करतो. स्टॉपीसाठी, म्हणजे पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक उचलण्यासाठी, एबीएसचा (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) फ्यूज काढणारे तर धन्यच! १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. मेळ्यात रोड टॅक्सची सूट मिळाली म्हणून गाडी घ्यायची आणि आठवड्यात एबीएसच बंद करून टाकायचं.

क्लचवायर:
म्हणजे ‘पाय मागच्या ब्रेकवर’ हे स्टंटवाल्याकडून घेण्यासारखं आहे, हे तुम्हीच सांगितलंत.

किल्ल्याखालची:
त्याला व्हीली कशाला हवी? मोकळं मैदान, एकमेकींपासून दहा पावलांवर दोन बाटल्या, त्यांच्याभोवती आठ काढायचा. पहिला गिअर, क्लच अर्धा, रेस स्थिर, मागचा ब्रेक हलका दाबलेला. पुढच्या ब्रेकला हात नाही. हँडल वळलेलं असताना तो लागला की गाडी जागीच आडवी. बाटलीकडे बघाल तर बाटलीवरच जाल. आणि आधी मागच्या ब्रेकच्या पेडलचा फ्री प्ले, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल, बघा, स्प्लेंडरसारख्या गाडीला २० ते ३० मिलिमीटर. पेडल उंच बसवलेलं असलं की पाय उचलून ठेवावा लागतो, ऐन वेळी तो धसकन पडतो आणि मागचं चाक लॉक.

दौलतगंजकर:
ताई, आठ मान्य, पण तो लायसन्सच्या टेस्टमधला, स्टंटमधला नव्हे. चढाचंच घ्या. किल्ल्याच्या उरवाई गेटच्या चढावर पुढची गाडी थांबली की निम्मे लोक क्लचवर गाडी तोलून धरतात, मग प्लेटा जळाल्याचा वास. मागच्या ब्रेकवर धरायची, क्लचने पकड घेतली, इंजिनाचा आवाज जड झाला की मगच ब्रेक सोडायचा. कुव्यात भिंत उभी असेल, पण थांबून पुन्हा निघणं कुठे आहे?

क्लचवायर:
अहो, तिथे थांबले तर पडतील ना!