मदत हवी आहे: फिल्टर बदलल्यावर रिसायकलरव्ह्यूची यादी वर जात नाही

फलाट_तीन:
लोकलच्या वेळापत्रकाचं अँड्रॉइड अ‍ॅप आहे, कोटलिनमध्ये. स्टेशन आणि दिशा निवडली (चाचणीला दादर, विरारकडे) की आत्तापासून पुढच्या गाड्या दिसतात. यादी रिसायकलरव्ह्यूत (लांब यादी सरकवत दाखवणारा अँड्रॉइडचा घटक) आहे. वर चिप्स (फिल्टरची बटणं) आहेत: सर्व, फास्ट, स्लो, एसी. चिप बदलली की यादी पहिल्या गाडीवर जायला हवी.

लिस्टअ‍ॅडॉप्टर आणि डिफयूटिल (यादी पुरवणारा आणि जुन्या-नव्या यादीतला फरक काढणारा तयार कोड) वापरलंय, ओळख गाडी क्रमांकावरून. कोड दोन ओळींचा: सबमिटलिस्ट(नवी), म्हणजे नवी यादी देणं, त्याखाली लगेच स्क्रोलटूपोझिशन(०), म्हणजे पहिल्या ओळीवर जाणं.

सर्ववरून फास्ट केलं तर बरोबर वर जाते. फास्टवरून सर्व केलं की आधीची पहिली फास्ट गाडीच माथ्याला राहते आणि तिच्या अगोदरच्या स्लो गाड्या वर दडून बसतात, बोटाने ओढल्या की दिसतात. अधूनमधून मात्र हेही नीट चालतं. पोस्टडिलेडने ३०० मिलीसेकंद थांबवलं तर इम्युलेटरवर ठीक, जुन्या फोनवर नाही. चुकतंय कुठे?

कोडकरी:
एकाच बाजूने बिघडतंय यातच उत्तर आहे. सबमिटलिस्ट यादी लगेच बदलत नाही. जुन्या-नव्यातला फरक ती बॅकग्राउंड थ्रेडवर (पडद्यामागे) काढते आणि मग मेन थ्रेडवर (जिथून पडदा रंगतो) लावते. तुमची दुसरी ओळ त्याआधीच चालते, म्हणजे तुम्ही जुन्या यादीच्या वर जाता. समजा तिथे ६.१२ची फास्ट आहे. मग तिच्या डोक्यावर ६.०४ आणि ६.०९च्या स्लो घातल्या जातात. ओळी मांडणारा लिनियरलेआउटमॅनेजर दिसत असलेली ओळ जागेवर धरून ठेवतो, त्यामुळे ६.१२ हलत नाही आणि नव्या ओळी पडद्याबाहेर जातात. उलट दिशेला ओळी फक्त कमी होतात, म्हणून तिथे दोष झाकला जातो. फरक पुढची फ्रेम (पडद्याचं पुढचं चित्र) रंगायच्या आत निघाला तर स्क्रोलची मागणी नव्या यादीवरच लागू होते. तुमचं ‘अधूनमधून’ ते हेच.

पोस्टडिलेड काढून टाका, तो निव्वळ नशिबावर हवाला आहे. सबमिटलिस्टला दुसरा पॅरामीटर कमिट कॉलबॅकचा (यादी लागू झाल्यावर चालणारा कोड) आहे, स्क्रोलटूपोझिशन(०) त्यात लिहा. चिप्स भराभर दाबल्या तर मधल्या यादीचा कॉलबॅक येईलच असं नाही, शेवटच्या यादीचा येतो. तेव्हा त्यात फक्त स्क्रोल ठेवा, लोडिंगचं चक्र बंद करण्यासारखी कामं नकोत.

आणखी एक: तीच म्यूटेबललिस्ट (बदलता येणारी यादी) आत बदलून परत दिलीत तर संदर्भ तोच असल्याने काहीच बदलणार नाही, कॉलबॅक मात्र येईल. दर वेळी नवी यादी द्या.

फलाट_तीन:
कॉलबॅकने काम झालं, धन्यवाद. आता दुसरी अडचण. सुटून गेलेल्या गाड्या काढायला दर मिनिटाला यादी ताजी होते, तेव्हाही ती वर उडी मारते. माणूस रात्रीची गाडी शोधत असेल तर वैतागेल. फोन आडवा केला तरी तेच.

कोडकरी:
कारण प्रत्येक यादीला स्क्रोल लावलाय. तो चिप बदलल्यावरच हवा. यादीसोबत निवडलेला फिल्टरही स्टेटमध्ये (पडद्याला जाणाऱ्या माहितीत) पाठवा, मागचा फिल्टर व्ह्यूमॉडेलमध्ये (फोन फिरवला तरी ते टिकतं) जपा आणि दोन्ही वेगळे असतील तरच वर न्या. फ्रॅगमेंटमध्ये (पडद्याच्या कोडमध्येच) जपलात तर फोन फिरवल्यावर तो पुसला जाईल आणि पुन्हा उडी. मिनिटाच्या ताजेपणासाठी सबमिटलिस्टच्या आधी कॅनस्क्रोलव्हर्टिकली(-१), म्हणजे अजून वर सरकता येतं का, ते तपासा. उत्तर फॉल्स असेल, म्हणजे माणूस माथ्यालाच असेल, तरच कॉलबॅकमध्ये वर न्या. ही तपासणी कॉलबॅकच्या आत केली तर ओळी घालून झालेल्या असतात आणि उत्तर चुकतं.

फोन फिरवल्यावर जागा टिकायला अ‍ॅडॉप्टरचं स्टेटरिस्टोरेशनपॉलिसी ‘प्रिव्हेंट व्हेन एम्प्टी’ करा. रिसायकलरव्ह्यू १.२ पासून आहे. नाहीतर यादी रिकामी असतानाच जुनी जागा लावली जाते आणि वाया जाते.

जिना_चढणारा:
खालचा टॅब पुन्हा दाबल्यावरही वर न्यायचं असेल (आयफोनवर स्टेटस बार दाबून मिळतं तसं, अँड्रॉइडमध्ये आयतं नाही) तर सेटऑनआयटमरीसिलेक्टेडलिसनर वापरा. तिथे स्मूथस्क्रोल (हळुवार सरकणं) शोभतो, पण तीन-चारशे ओळींवरून सरळ शून्यावर सोडू नका, वाटेतल्या ओळी बाइंड होत (त्यांत डेटा भरला जात) बसतात. पहिली दिसणारी ओळ १५च्या पुढे असेल तर आधी स्क्रोलटूपोझिशन(१५), मग पोस्टमध्ये स्मूथस्क्रोलटूपोझिशन(०). नजरेला फरक कळत नाही.

वर मिटणारा टूलबार असेल तर यादी शून्यावर जाऊनही तो मिटलेलाच राहतो, त्याला अ‍ॅपबारवर सेटएक्स्पांडेड(ट्रू, ट्रू) वेगळं सांगावं लागतं. आणि रिसायकलरव्ह्यू नेस्टेडस्क्रोलव्ह्यूत (सरकणाऱ्या बाहेरच्या चौकटीत) रॅप-कंटेंटने (सगळ्या ओळींएवढी उंची देऊन) कोंबलेला असेल तर वरचं काहीच चालणार नाही. तिथे सरकतो तो बाहेरचा व्ह्यू, आणि सगळ्या ओळी एकदम तयार होतात ते वेगळंच. तशी रचना असेल तर आधी ती मोडा.

कंपोझवाली:
पुढेमागे कंपोझवर (अँड्रॉइडचे पडदे लिहायची दुसरी पद्धत) गेलात तर लेझीकॉलममध्ये (तिथली यादी) की (प्रत्येक ओळीची ओळख) दिल्यावर हाच प्रकार होतो, तो कीवरून ओळ धरून ठेवतो. फिल्टरवर लाँच्डइफेक्ट (फिल्टर बदलला की चालणारा कोड) लावून स्क्रोलटूआयटम(०) केलं तर तेही डेटा यायच्या आधी चालतं. आलेल्या यादीसोबतचा फिल्टर की म्हणून देऊन रिमेंबरमध्ये नवी लेझीलिस्टस्टेट (यादी कुठवर सरकलीय ते जपणारी) बनवा, ती शून्यापासूनच सुरू होते. अ‍ॅनिमेशन मिळत नाही, पण चिप बदलताना ते हवंय कुणाला!