मदत हवी आहे: एमडीपीला नॉड२चा प्रतिसाद दिसत नाही

सूक्ष्मदर्शी:
क्रोन्सच्या (आतड्याच्या जुनाट सुजेचा आजार) रुग्णांच्या आणि निरोगी व्यक्तींच्या रक्तातल्या पीबीएमसी (मोनोसाइट्स, लिम्फोसाइट्स अशा पांढऱ्या) पेशी, प्रत्येक वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) २ लाख. एमडीपी (जिवाणूंच्या भिंतीचा तुकडा, नॉड२ हा सेन्सर तो ओळखतो) १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, २४ तास, मग आयएल-८ची (सुजेचा संदेश देणारं प्रथिन) एलायझा, म्हणजे प्रमाण मोजणारी चाचणी. काहीच न दिलेल्या वेलमध्येही आयएल-८ भरपूर, एमडीपीने जेमतेम वाढ. निरोगी लोकांतही तेच. कुठे चुकतंय?

पेशीवेडा:
आयएल-८ सोडा. मोनोसाइट्स प्लास्टिकला चिकटल्या की तेवढ्यानेच ते बनवू लागतात. टीएनएफ किंवा आयएल-६ हे सुजेचे दुसरे संदेशक मोजा.

दुसरं, नुसत्या एमडीपीला या पेशी फारशी दाद देत नाहीत. नॉड२ पेशीच्या आत असतो आणि त्याचा खरा जोर टीएलआरच्या (जिवाणू ओळखणारे दुसरे सेन्सर) सोबतीने दिसतो. चार वेल लावा: काही नाही, नुसतं एमडीपी, नुसतं पॅम३सीएसके४ (टीएलआर चेतवणारा रेणू, पुढे ‘पॅम३’; १० नॅनोग्रॅम प्रति मिलीपासून सुरुवात), आणि दोन्ही. चौथ्या वेलमधलं टीएनएफ मधल्या दोघांच्या बेरजेपेक्षा स्पष्ट जास्त हवं. पॅम३चा डोस जास्त झाला तर प्रतिसाद आधीच छताला टेकतो आणि फरक बुजतो, म्हणून डोस आधी उतरत्या क्रमाने तपासा.

एमडीपीचा एल-डी समघटक वापरताय ना? एल-एल निष्क्रिय असतो, तो कंट्रोल म्हणून ठेवाच. त्यानेही टीएनएफ वाढलं तर एलपीएसची (जिवाणूंच्या आवरणातला, टीएलआर चेतवणारा घटक) भेसळ समजा.

सूक्ष्मदर्शी:
एल-डीच आहे. भेसळीसाठी पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला बांधून निकामी करणारं औषध) घालू का?

पेशीवेडा:
घाला, १० मायक्रोग्रॅम प्रति मिली. एलपीएसऐवजी पॅम३ सुचवलं ते त्यासाठीच. जोडीला एलपीएस घेतलं असतं तर पॉलिमिक्सिनने तेच गिळलं असतं. पेशींच्या माध्यमातल्या सीरमचा लॉटही बघा, भेसळ तिथूनही येते.

आतडेशास्त्री:
रुग्णांची औषधंही नोंदवा. स्टेरॉइड चालू असेल तर टीएनएफ तसंच दबतं. नॉड२च्या जनुकातल्या एल१००७एफएस या बदलाच्या दोन्ही प्रती असतील तर चौथ्या वेलमधली जादा वाढ जाते, एकच प्रत असेल तर बहुधा टिकते. मात्र हा आणि आर७०२डब्ल्यू, जी९०८आर हे युरोपीय वंशात गाजलेले बदल भारतीय रुग्णांत फार क्वचित सापडतात. इथल्या रुग्णांत प्रतिसाद निरोगी लोकांसारखाच आला तर प्रयोग फसला असं धरू नका.

सूक्ष्मदर्शी:
पण या बदलाने नॉड२ची जिवाणू ओळखण्याची जाणीवच बंद पडली तर सूज कमी व्हायला हवी ना?

आतडेशास्त्री:
रक्तातल्या पेशींपुरतं तसं वाटेल. आतड्यात नॉड२ एटीजी१६एल१ या प्रथिनाला जिवाणू शिरतात त्या जागी बोलावतो आणि ऑटोफॅजीने (पेशीची आतला कचरा गिळून पचवण्याची क्रिया) ते जिवाणू संपवले जातात. एल१००७एफएस बदल असलेल्या नॉड२ला हे जमत नाही. जिवाणू उरतात आणि बाकीचे सेन्सर चिडत राहतात.