मदत हवी आहे: यूकेमध्ये नवऱ्याने ‘एकटा राहतो’ सांगून युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत) घेतल्याचा संशय. माझ्या स्पाऊस व्हिसाचं काय होईल?

धागाकर्ती:

नमस्कार. नाव-गाव लिहीत नाही, समजून घ्याल.

लग्न होऊन इंग्लंडला आल्यापासून मी स्पाऊस व्हिसावर आहे. नवरा ब्रिटिश नागरिक, लहानाचा मोठा इथेच झाला. त्यांचं हे दुसरं लग्न. पहिल्या लग्नाची मुलगी आमच्याजवळच असते आणि माझा तिच्यावर फार जीव आहे. घर भाड्याचं. मी केअर होममध्ये नोकरी करते, पगार रीतसर टॅक्स कापून बँकेत येतो.

व्हिसा वाढवायची वेळ जवळ आली म्हणून कागद गोळा करायला घेतले. दोघं एकाच घरात राहतो हे दाखवायला कौन्सिल टॅक्सचं (आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर) बिल लागतं, ते काढलं. बिलावर फक्त ह्यांचं नाव, आणि खाली घरात एकच प्रौढ माणूस राहतो म्हणून 25 टक्के सूट वजा केलेली. त्याच फाइलमध्ये ह्यांच्या बँकेचं स्टेटमेंट होतं. त्यात दर महिन्याला ‘डीडब्ल्यूपी यूसी’ अशा नावाने, म्हणजे सरकारी मदत देणाऱ्या खात्याकडून युनिव्हर्सल क्रेडिटची, रक्कम जमा होतेय. मला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणाले, “ते पोरीसाठी येतं, तुझा काय संबंध?” दोन दिवसांनी म्हणाले, “तुझ्या बँकेतला पत्ता आत्याच्या घरचा करून घे.” ते ऐकलं आणि पोटात गोळाच आला.

माझ्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ लिहिलेलं आहे, म्हणजे मला सरकारी मदत घेता येत नाही. सरकारी पैसा माझ्या घरात आला म्हणून माझा व्हिसा जाईल का? मी तक्रार करायची का? केली तर मुलीचं काय? आणि गप्प बसले तर मीही गुन्ह्यात धरली जाईन का? माहेरी कुणालाच सांगितलेलं नाही. कृपया ज्यांना नक्की माहिती आहे त्यांनीच सांगा.

प्रतिसाद १:

ताई, सरळ डीडब्ल्यूपीच्या फसवणूक विभागाला कळवा. नाव न सांगता ऑनलाइन किंवा फोनवर कळवता येतं. लोकांच्या करातला पैसा आहे हा. आज नवऱ्याला वाचवायला गेलात तर उद्या तुम्हीच अडकाल.

प्रतिसाद २:

वरच्या प्रतिसादातली कळकळ पटते, घाई पटत नाही. मी इथल्या सल्ला केंद्रात बरीच वर्षं स्वयंसेवक आहे. अशा प्रकरणात आधी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे त्यांनी कळवलंय काय आणि लपवलंय काय.

ताई, तुमचं नाव त्या पैशात नाही एवढ्यावरून फसवणूक ठरत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट जोडप्याला एकत्र मिळतं, पण एका जोडीदाराच्या व्हिसावर तुमच्यासारखी अट असेल तर दुसऱ्याला एकट्याच्याच दराने पैसे देतात. 2013 च्या युनिव्हर्सल क्रेडिट नियमांत ते स्पष्ट आहे. त्यामुळे एकट्याचा दर मिळणं हे कायदेशीरही असू शकतं. मुलीसाठीची रक्कमही त्यांच्या हक्काची आहे. ती तुमच्यामुळे वाढत नाही, म्हणून तुमच्या व्हिसाची अट मोडत नाही. इमिग्रेशनच्या नियमांतही तसंच आहे: तुमच्या असण्यामुळे जादा पैसा मिळाला तरच प्रश्न येतो. एवढ्यापुरता जीव भांड्यात पडू द्या.

खरी गोम पुढे आहे. दर एकट्याचा असला तरी बायको घरात राहायला आली हे त्यांनी कळवायलाच हवं, आणि तुमचा पगार व बचत हिशोबात धरली जाते. कमाईवर ठरावीक सूट असते, ती संपली की घरातल्या कमाईच्या प्रत्येक पौंडामागे 55 पेन्स कापले जातात, त्यात तुमची कमाईही आली. दोघांची मिळून बचत 16,000 पौंडांवर गेली तर हक्कच संपतो, आणि भारतातल्या एफडीसुद्धा त्यात मोजतात. म्हणजे तुम्ही नोकरीला लागल्यापासून तुमचा पगार लपवला गेला असेल तर महिन्याला बरेच पैसे जास्त आले असणार. ते परत द्यावे लागतील.

हे लपून राहील असंही समजू नका. तुमचा मालक दर पगाराला एचएमआरसीला (इथल्या कर खात्याला) आकडे पाठवतो आणि डीडब्ल्यूपी ते आकडे बघू शकतं.

म्हणून आधी त्यांना शांतपणे सांगा की मला तुमचं ऑनलाइन जर्नल बघायचंय. युनिव्हर्सल क्रेडिटचं सगळं काही त्या जर्नलमध्ये असतं: कधी अर्ज केला, सोबत कोण राहतं असं लिहिलंय, कोणता बदल कळवला. मात्र त्यांचा पासवर्ड वापरून तुम्ही स्वतः उघडू नका.

आणि आत्याचा पत्ता? अजिबात नाही. आजवर तुम्हाला माहीत नव्हतं, ही तुमची बाजू आहे. तो पत्ता बदललात की तुम्ही जाणूनबुजून सामील झालात. शिवाय व्हिसाच्या मुदतवाढीला होम ऑफिस (व्हिसा देणारं गृहखातं) एकत्र राहण्याचे सहा कागद मागतं, निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले. एका सरकारी खात्याला ‘आम्ही एकत्र राहतो’ आणि दुसऱ्याला ‘मी एकटा राहतो’ असं दोन्ही कळवलं, तर ते कागद समोरासमोर येणारच. खाती आपसात माहिती देतात.

प्रतिसाद ३:

कौन्सिल टॅक्सचा मुद्दा वेगळा काढून लिहिते, कारण तो लोकांच्या लक्षात येत नाही. नवरा-बायको एका घरात राहत असतील तर कौन्सिल टॅक्सची जबाबदारी दोघांवर असते, बिलावर नाव एकाचं असलं तरी. म्हणजे ती 25 टक्के सूट चुकीची असेल तर थकबाकी तुमच्याकडूनही मागू शकतात. कौन्सिल 70 पौंड दंडही लावू शकतं. पण स्वतःहून कळवलं तर बहुतेक ठिकाणी मागचा फरक हप्त्याने भरू देतात. सगळ्यात आधी हे निस्तरा, हे त्यातल्या त्यात सोपं आहे.

प्रतिसाद ४:

मला दुसरंच विचारायचंय. ताई, तुमचा पगार कुणाच्या हातात असतो? पासपोर्ट, ई-व्हिसाचं लॉगिन तुमच्याकडे आहे ना? ‘तुझा व्हिसा माझ्या हातात आहे’ अशी भाषा घरात होते का? उत्तर इथे लिहू नका, मनाशी द्या.

होत असेल तर तक्रारीचा विचार करण्याआधी स्वतःची सोय बघा. आर्थिक कोंडी हाही कौटुंबिक अत्याचारच, असं इथला 2021 चा कायदा म्हणतो. अत्याचारामुळे नातं मोडलं तर स्पाऊस व्हिसावरच्या बाईला तीन महिन्यांची वेगळी सवलत मागता येते. त्या काळात सरकारी मदत मिळते आणि पुढे कायम राहण्याचा अर्ज करता येतो. पण अर्ज करण्याआधी वकिलाला विचारा, त्याने सध्याचा व्हिसा बदलतो. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था आपल्यासारख्या बायकांसाठीच काम करते आणि हिंदीतही बोलता येतं.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४, तसं काही नाही. माझा पगार माझ्याच खात्यात असतो, कागद माझ्याकडे आहेत. हे रागीट नाहीत, घाबरट आहेत असं मला वाटतं.

काल मुलगी झोपल्यावर बोलणं झालं. आधी चिडले, मग स्वतःच जर्नल उघडून दाखवलं. अर्ज लग्नाआधीचा, तेव्हा ते खरंच एकटे होते. मी आल्यावर मात्र काहीही कळवलं नाही. मध्ये एकदा ‘तुमच्या परिस्थितीत काही बदल?’ असं विचारलेलं दिसलं, तिथे ‘नाही’ लिहिलंय. म्हणाले, “कळवलं तर भाड्याला पैसे कमी पडतील, आणि तुझ्या व्हिसालाही धोका होईल असं मित्राने सांगितलं.” प्रतिसाद २ मधला नियम वाचून दाखवला तेव्हा बराच वेळ गप्प होते.

आता ते स्वतः कळवायला तयार आहेत. पण तुरुंगात टाकतील का, हा एकच घोष लावलाय. आणि मी काय करू, काय नको?

प्रतिसाद २:

चौकशी सुरू होण्याआधी स्वतःहून कळवणं ही त्यांच्या बाजूची फार मोठी गोष्ट आहे. शब्द मी देऊ शकत नाही. निष्काळजीपणा मानला तर जास्तीचे पैसे वसूल होतात आणि वर 50 पौंड दंड. जाणूनबुजून केलं असं ठरलं तर खटल्याऐवजी रकमेच्या निम्मा दंड घेऊन प्रकरण मिटवता येतं, तो कमीत कमी 350 आणि जास्तीत जास्त 5,000 पौंड. रक्कम मोठी असेल किंवा बनावट कागद दिले असतील तर कोर्टाची शक्यता वाढते. ते ‘नाही’ असं उत्तर अडचणीचं आहे, म्हणून कळवण्याआधी सिटिझन्स ॲडव्हाइस ह्या सल्ला संस्थेत किंवा जवळच्या लॉ सेंटरमध्ये (कायद्याच्या सल्ला केंद्रात) दोघांनी बसून मजकूर ठरवा. तिथे पैसे लागत नाहीत. पण ह्यात महिना घालवू नका, रोज रक्कम वाढतेय.

मजकुरात तीन गोष्टी हव्यातच: तुम्ही कोणत्या तारखेला राहायला आलात, व्हिसाची अट काय आहे, नोकरी कधीपासून. तुमच्या पगाराच्या स्लिपा सुरुवातीपासूनच्या काढून ठेवा. मुलाखतीला बोलावलं आणि पत्रात ‘अंडर कॉशन’ (गुन्ह्याच्या संशयावरून रीतसर चौकशी) असं असेल तर वकिलाशिवाय जायचं नाही. ती मुलाखत रेकॉर्ड होते आणि पुरावा म्हणून वापरली जाते.

वसुली एकदम करत नाहीत, पुढच्या पैशांतून थोडी थोडी कापतात. भाडं थकेल असं वाटलं तर हप्ता कमी करून मागता येतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर बँकेचा पत्ता आहे तोच ठेवा, ‘मी भाडेकरू आहे’ असल्या कुठल्याही कागदावर सही करू नका, आणि मुदतवाढीचा अर्ज नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला दाखवूनच भरा. त्याला हे सगळं खरं खरं सांगा. तुमचा स्वतःचा इथला पगार त्या अर्जात उत्पन्न म्हणून धरला जातो, युनिव्हर्सल क्रेडिट धरत नाहीत. पहिला व्हिसा 11 एप्रिल 2024 च्या आधी मागितला असेल तर वर्षाच्या किमान उत्पन्नाची मर्यादा जुनीच, 18,600 पौंड. नंतर मागितला असेल तर 29,000.

धागाकर्ती:

पहिला अर्ज त्या तारखेच्या आधीचा आहे. कौन्सिलला आज सकाळी मीच फोन केला, दोघांची नावं घालायला सांगितली. फरकाचं बिल पोस्टाने येईल म्हणाले. सिटिझन्स ॲडव्हाइसची वेळ सोमवारची मिळालीय, हे सुट्टी काढून सोबत येणार आहेत. तिथे बँक स्टेटमेंट छापून न्यायची की फोनवर दाखवली तरी चालतात?

प्रतिसाद २:

छापून न्या. तुम्ही आल्याच्या तारखेपासूनची, दोघांचीही.